चौथ्या राजपुत्राचं काय करू?

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी गेली तीन वर्षं एका कल्पित राज्याचा इतिहास रचतो आहे. पुढे त्यातूनच कादंबरी लिहायची आहे. राजघराण्याच्या नऊ पिढ्यांची वंशावळ तयार आहे, ती सोबत जोडतो आहे. आठव्या राजाच्या काळात, साल ५१५ मध्ये, लिहिली गेलेली एक बखरही मी कल्पिली आहे, तिचीही चार पानं पाठवतो. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या कथांमधल्या न्यूमेनॉर बेटाचे राजे मला फार आवडतात. माझ्या घराण्यातली माणसं दीडशे-दोनशे वर्षं जगतात ती त्यांच्यामुळेच. सहाव्या राजाला चार अपत्यं. थोरला सातवा राजा होतो. दुसरा बंड करतो आणि मारला जातो. तिसरी मुलगी, ती शत्रूच्या घराण्यात दिली जाते आणि तिच्यामुळे पुढे तह होतो. चौथ्या मुलाला मी जन्मसाल दिलं, मृत्यूसाल दिलं आणि तिथेच अडकलो. त्याचं नाव तीनदा बदलून झालं. एक मित्र म्हणतो, काढून टाक. दुसरा म्हणतो, त्याला गुप्त विद्या दे, नाहीतर शेवटी तोच खरा वारस निघू दे. मला हे पटत नाही आणि त्याला काढवतही नाही. मी स्वतः घरातला शेंडेफळ आहे, कदाचित म्हणून असेल. या मुलाला काय काम द्यावं?"

नमस्कार,

तुमची वंशावळ दोन दिवस माझ्या टेबलावर पसरलेली होती. पहिल्या दिवशी मी कुठल्याही वाचकासारखीच वागले. राजांवरून बोट फिरवलं, बंडापाशी थांबले, मुलीच्या लग्नापाशी थांबले आणि चौथ्या नावावरून सरळ पुढे गेले. दुसऱ्या दिवशी फक्त त्याच्या ओळीतले आकडे घेतले आणि बाकीच्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. तेव्हापासून तो मुलगा डोक्यातून जात नाहीये. त्या आकड्यांकडे येतेच, पण आधी मित्रांच्या सल्ल्यांबद्दल.

गुप्त विद्या आणि खरा वारस हे एकाच जातीचे उपाय आहेत. दोन्हींत त्या मुलाला उचलून थोरल्याच्या जागी बसवायचं असतं. मग तुमच्याकडे आणखी एक थोरला तयार होतो आणि धाकटा हातचा जातो. ओळ खोडून टाकण्याचं म्हणाल, तर ज्या घराण्यात प्रत्येक मुलाच्या नावावर एकेक पराक्रम असतो त्या घराण्यावर माझा विश्वास बसत नाही. खऱ्या वंशावळींत नुसत्या नावांची माणसं रांगेने असतात. तुम्हाला त्याला काढवत नाही, यावर भरवसा ठेवा.

तुम्ही विचारता, त्याला काय काम द्यावं. मला वाटतं अडचण त्याच्यात नाही, तुमच्या राज्यात आहे. गादीसाठी ज्या मुलाची गरज नाही त्याचं काय करायचं, हे तुमच्या राज्याने अजून ठरवलेलं नाही. ते ठरलं की हा मुलगा कुठे राहतो, काय खातो, कोणाला भितो, लग्न करू शकतो की नाही, हे तुम्हाला शोधत बसावं लागणार नाही.

जगातल्या राजघराण्यांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला, आणि बहुतेक वेळा त्या सोडवणुकीतूनच पुढचं संकट उभं राहिलं. ऑटोमन घराण्यात सुलतानाने भावांना मारणं दुसऱ्या मेहमदाच्या कायद्यातच बसवलेलं होतं. १५९५ मध्ये तिसरा मेहमद गादीवर आला आणि त्याने आपल्या १९ भावांचे गळे आवळून जीव घेतले. त्याच्या मागून आलेल्या पहिल्या अहमदने मात्र भावाला जिवंत ठेवलं, आणि तिथून पुढे मारण्याऐवजी कोंडून ठेवायची रीत पडली. दुसरा सुलेमान सुमारे चार दशकं असा राजवाड्यात कोंडलेला होता, आणि १६८७ मध्ये त्या कोंडीतून थेट सुलतान म्हणून बाहेर आला. इथिओपियात राजवंशातल्या मुलग्यांना अंबा गेशेन नावाच्या, उभ्या कड्यांच्या डोंगरावर ठेवत आणि गादी रिकामी झाली की त्यांच्यातल्या एकाला खाली आणत. १४३४ मध्ये राज्यावर आलेला झरा याकोब असाच त्या डोंगरावरून आला.

याच्या अगदी उलट टोकाला फ्रान्स. १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत राजा दुसरा जाँ हरला, पण त्याचा सगळ्यात धाकटा मुलगा फिलिप, वय वर्षं १४, बापाच्या बाजूला उभा राहिला. १३६३ मध्ये बापाने त्याला बर्गंडी देऊन टाकली. प्रेमाने दिलेली जहागीर होती ती. पण त्याच फिलिपच्या मुलाने १४०७ मध्ये राजाच्या सख्ख्या भावाचा खून करवला, नातू १४२० च्या तहात राजाच्या मुलाविरुद्ध इंग्रजांच्या बाजूला जाऊन बसला आणि पणतू १४७७ मध्ये नान्सीच्या लढाईत मारला गेला तेव्हा कुठे ती धाकटी पाती संपली. बापाच्या कौतुकाचं ओझं राज्याने ११४ वर्षं वाहिलं.

चीनच्या मिंग घराण्याकडे जरा थांबून पाहा, कारण तिथेही गोष्ट चौथ्या मुलापाशीच येते. पहिल्या सम्राटाने मुलांना सीमेवरचे प्रांत आणि फौजा दिल्या. त्याचा चौथा मुलगा झू दी फौज घेऊन निघाला आणि १४०२ मध्ये पुतण्याची गादी घेऊन बसला. पुढे याच घराण्याने राजपुत्रांभोवतीचा फास आवळत नेला. मोठी तैनात द्यायची, पण अधिकाराचं पद नाही, फौज नाही, परवानगीशिवाय आपलं गाव सोडायचं नाही. पिढ्यान् पिढ्या अशी माणसं त्या घराण्यात जन्मली आणि मेली. पण त्यांच्यातूनच सोळाव्या शतकात झू झायू नावाचा एक राजपुत्र निघाला. बाप सम्राटाच्या रोषाने कैदेत पडला तेव्हा हा वाड्याबाहेर मातीच्या घरात राहायला गेला आणि संगीत आणि गणित करत बसला. सप्तकातल्या १२ स्वरांमधली अंतरं अगदी सारखी कशी ठेवायची, याचं नेमकं गणित त्याने १५८४ मध्ये मांडलं. त्यासाठी दोनचं बारावं मूळ बऱ्याच दशांश स्थळांपर्यंत काढावं लागतं, ते त्याने हाताने काढलं. पुढे बापाच्या राजपुत्रपदावरचा हक्कही त्याने सोडून दिला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसून होते. राज्याने त्याला काही करू दिलं नसतं, म्हणून त्याने असं काहीतरी केलं ज्याला राज्याची परवानगी लागत नाही.

आणि एक धाकटा मला कधीच विसरता येत नाही. पोर्तुगालच्या पहिल्या जोआओचा सगळ्यात धाकटा मुलगा फर्नांदो. त्याच्या भावांनी १४१५ मध्ये बापासोबत समुद्रापलीकडे जाऊन सेउता शहर जिंकलं. फर्नांदो तेव्हा लहान होता. त्याच्या वाट्याला पराक्रम उरला नाही. १४३७ मध्ये तो भाऊ एन्रिकेसोबत मोरोक्कोतल्या तांजियरवर चालून गेला. ती मोहीम पार फसली. सैन्य सुटावं म्हणून सेउता परत करायचं कबूल झालं, आणि ते परत मिळेपर्यंत फर्नांदोला ओलीस ठेवलं. घरी सभा भरली, वाद झाले. शहर द्यायचं की भाऊ आणायचा? शहर दिलं नाही. फर्नांदो १४४३ मध्ये फेजच्या कैदेत मेला. पुढे लोकांनी त्याला संत केलं. या कथेत कोणी खलनायक लागत नाही, हे लक्षात घ्या. सगळ्यांनी आपापल्या जागी बसून हिशेब केला, आणि त्या हिशेबात धाकट्या भावाची किंमत एका शहरापेक्षा कमी भरली. तुमच्या राज्यात अशी वेळ आली तर कोणाची किंमत किती धरली जाईल, ते एकदा शांतपणे लिहून काढा.

आपल्या इतिहासातले राजाराम महाराज तर तुम्हाला ठाऊकच आहेत. जन्म १६७० चा. १६८० मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, मंत्र्यांनी त्यांना मंचकावर बसवलं. काही महिन्यांत संभाजी महाराजांनी रायगड ताब्यात घेतला आणि राजाराम बाजूला राहिले. मग १६८९ मध्ये, राज्य बुडतं की काय अशा घडीला, त्याच धाकट्या राजपुत्राच्या नावाने सगळे पुन्हा उभे राहिले. त्यांना जिंजीपर्यंत जावं लागलं, आणि १७०० मध्ये सिंहगडावर तिशीतच त्यांचा अंत झाला. धाकट्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या हातांनी किती वेळा फिरवलं जातं, ते इथे दिसतं. आणि शेवटच्या अकरा वर्षांत तो स्वतः काय करतो, तेही दिसतं.

आता न्यूमेनॉर. तुम्ही टॉल्किनकडून दीर्घायुष्य उचललंत, पण त्याच्याबरोबर धाकट्यांचं जे होतं ते उचलायचं राहून गेलं. पहिला राजा एलरॉस. त्याला तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरला वार्दामिर साल ६१ मध्ये जन्मला आणि बाप ४४२ मध्ये गेला, म्हणजे गादी समोर आली तेव्हा युवराजाचं वय ३८१ होतं. त्याला जुन्या विद्येचा नाद होता. त्याने राजदंड हातात न घेता तसाच मुलाकडे दिला. तरी यादीत दुसरा राजा म्हणून त्याचं नाव आहे, एका वर्षाच्या कारकिर्दीसह. त्याच्या पाठचे दोघे भाऊ, मानवेन्दिल आणि अतानल्कार, यांची मात्र जवळजवळ नुसती नावंच आपल्यापर्यंत येतात. जिथे युवराजच चारशेच्या घरात पोचून कंटाळतो, तिथे त्याच्या पाठच्यांनी काय करायचं?

त्याच वंशावळीच्या दुसऱ्या टोकाला गिमिलखाद आहे. आर-गिमिलझोर राजाचे दोन मुलगे. थोरला इन्झिलादून आईच्या वळणावर गेलेला, धाकटा गिमिलखाद बापाच्या. बापाला धाकट्याला राज्य द्यायचं होतं, कायदा देऊ देत नव्हता. थोरला गादीवर आला आणि गिमिलखाद त्याच्या विरोधकांचा पुढारी झाला, उघड थोडा आणि आतून जास्त. आयुष्याची दोनशे वर्षं पुरी होण्याआधी तो मेला, त्या घराण्याच्या मानाने लवकरच. तो राजा कधी झाला नाही. पण त्याचा मुलगा फाराझोन याने काकाच्या मुलीशी, मीरिएलशी, तिच्या मनाविरुद्ध लग्न करून राजदंड बळकावला आणि त्याच्याच कारकिर्दीत, ३३१९ मध्ये, अख्खं बेट समुद्राने गिळलं. वाचलेले जे नेते पुढची राज्यं उभी करतात ते सिल्मारिएनच्या वंशातले. ही चौथ्या राजाची थोरली मुलगी. त्या काळच्या कायद्याने बाईला गादी नव्हती म्हणून तिला डावलून धाकट्या भावाला राज्य दिलं होतं. म्हणजे आडबाजूच्या एका फांदीने घर बुडवलं आणि दुसऱ्या फांदीने नाव राखलं. दोन्हींची बीजं कायद्याच्या एकेका ओळीत आहेत.

आता तुमचे आकडे. कागद समोर घ्या.

सहावा राजा साल २२८ चा, ४१२ मध्ये गेला. थोरला २८१ चा, दुसरा २९७ चा, मुलगी ३१० ची. चौथा ३४० चा. त्याच्या जन्माच्या वेळी बाप ११२ वर्षांचा होता. थोरल्याचा मुलगा, जो पुढे आठवा राजा होतो, तो तुम्ही ३३६ चा दाखवला आहे. म्हणजे पुतण्या काकापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे! हे तुम्ही मुद्दाम केलं की आकडे टाकताना झालं, मला माहीत नाही. काहीही असो, ते बदलू नका. दोघं एकाच गुरूपुढे बसली असणार. एकाच घोड्यावर आळीपाळीने रपेट केली असणार. आणि एका वयानंतर त्यातल्या एकाला दुसऱ्यापुढे झुकावं लागलं असणार.

मी गादीची रांग मोजून पाहिली. मुलींना हक्क नाही असं तुम्ही लिहिलं आहे, तो हिशेब धरला. जन्मला तेव्हा चौथा मुलगा रांगेत चौथाच होता: थोरला, थोरल्याचा मुलगा, दुसरा, मग हा. तुमच्या वंशावळीतले पुढचे जन्म जमेला धरले, तर बाप गेला त्या दिवशी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्याच्यापुढे आठ जण उभे होते. त्याचा क्रम नववा. आयुष्यभर तो पायरी पायरीने खाली उतरत आला आहे, आणि प्रत्येक पायरीवर घरात दिवे लागले आहेत, कारण प्रत्येक पायरी म्हणजे कोणाचा तरी जन्म. प्रत्येक नामकरणाला तो हजर असणार. बाळाला मांडीवर घेणार. दरबारातली जाणती माणसं त्याच्या चेहऱ्याकडे बघणार. हा एक प्रसंग लिहिलात तरी तो मुलगा कागदावरून उठून चालायला लागेल.

आणि मग ४३१, दुसऱ्याचं बंड. ३४० ते ४३१ म्हणजे ९१ वर्षं. तुम्ही त्याचा मृत्यू ५२१ मध्ये दाखवला आहे, म्हणजे बंडानंतर ९० वर्षं. त्याचं आयुष्य त्या बंडाने जवळजवळ बरोबर मधोमध कापलं आहे. तुम्ही ही सालं विचार न करता टाकली असतील तर तुमचा हात तुमच्यापेक्षा हुशार आहे.

एका भावाने दुसऱ्या भावावर फौज नेली तेव्हा तिसरा कुठे होता? सगळ्यात आधी हे ठरवा. बापाच्या गादीसाठीच्या झगड्यात शाहजहानचा धाकटा मुलगा मुराद १६५८ मध्ये औरंगजेबाच्या बाजूने लढला. जिंकल्यावर काही आठवड्यांतच औरंगजेबाने त्याला पकडलं आणि १६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात त्याला ठार केलं. जिंकणाऱ्याच्या बाजूला असूनही. तुमचा चौथा मात्र जगला, आणि ९० वर्षं जगला. अशा घरात जिवंत राहणं आपोआप होत नाही. त्याने काहीतरी केलं, किंवा काहीतरी करायचं टाळलं, किंवा कोणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकला. दुसऱ्या भावाचा निरोप त्याच्याकडे आला नसेल असं मला वाटत नाही. तो निरोप त्याने जाळला, की राजापुढे नेऊन ठेवला? राजापुढे ठेवला असेल तर एका भावाचं रक्त त्याच्या हातावर आहे. जाळला असेल तर दुसऱ्या भावाचा विश्वास गेला. मी यातलं निवडून देणार नाही, ते तुमचं आहे. पण निवडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बंडानंतर तुमचं राज्य बदललंच पाहिजे. मिंग बदललं, ऑटोमन बदलले. ४३१ पूर्वी राजपुत्रांना जहागिरी असतील, तर नंतर त्या काढून घेतल्या असतील. आधी ते मोकळे हिंडत असतील, तर नंतर वाड्याच्या दारात पहारा बसला असेल. नवे जन्मलेले पुतणे त्या पहाऱ्यातच वाढले, त्यांना दुसरं काही ठाऊक नाही. दोन्ही काळ पुरेपूर जगलेला हा एकटाच आहे. जुन्या कायद्याखाली ९१ वर्षं, नव्या कायद्याखाली ९०.

आता हे सगळं लिहायचं कुठे? तुमच्या बखरीत नको. बखर राजांची असते, तिथे त्याला एक ओळ मिळाली तीच ठीक. धाकटी माणसं दफ्तरात सापडतात: जमाखर्चात, नेमणुकांच्या यादीत, तबेल्याच्या हिशेबात, वैद्याच्या बिदागीत. इतिहासाचे अभ्यासक खऱ्या माणसांनाही असंच शोधतात. तुम्ही तुमच्या राज्याचं थोडं दफ्तर तयार करा. फार नाही, पंधरा-वीस नोंदी. मी तबेल्याची एक नोंद तुमच्यासाठी करून पाहिली. साल ४३०: धाकट्या राजपुत्राकडे घोडे बारा. साल ४३२: घोडे तीन. साल ४४०: घोडा एक, म्हातारा. साल ४४१: दाणा-वैरण बंद, जीन भांडारात जमा. एवढं वाचून मला त्या माणसाचं सगळं कळतं, आणि कोणीही त्याला कैदी म्हटलेलं नाही. त्यानंतर लगेच एखादी वेगळी नोंद येऊ द्या, म्हणजे कागद मागवल्याची, किंवा बियाणं, किंवा काचेची भिंगं. त्याने स्वतःसाठी काय शोधून काढलं ते तिथे दिसू द्या. त्यात तो यशस्वी झालाच पाहिजे असं नाही.

एक सावधगिरी. त्याला सतत दुःखी करू नका. गादीपासून लांब असलेल्या माणसाला काही सुखं मिळतात जी राजाला मिळत नाहीत: उशिरा उठणं, एका माणसावर बिनधास्त प्रेम करणं, मुलांशी खेळणं. त्याला हसता आलं पाहिजे. त्याच्यावर माया करणारं किमान एक माणूस असलं पाहिजे, आणि ते माणूस राजवाड्यातलं असायलाच हवं असं नाही.

तुम्ही स्वतः शेंडेफळ आहात, हे तुम्ही जरा संकोचून लिहिलं आहे. संकोचू नका. धाकट्याला जे ठाऊक असतं ते थोरल्याला कधीच कळत नाही. घरातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी त्याच्या जन्माआधी घडून गेलेल्या असतात. तो त्या ऐकत वाढतो, आणि ज्या प्रसंगात आपण नव्हतो त्यांवर सगळे हसतात तेव्हा तोही हसतो. भावंडांचे आईबाप आणि त्याचे आईबाप नावाने तेच, पण माणसं वेगळी. थोरल्याने बापाला घोडदौड करताना पाहिलं, धाकट्याने त्याला जिने चढताना दम लागलेला पाहिला. हे तुम्ही आतून जाणता. हे त्या मुलाला द्या. कुठल्याही गुप्त विद्येपेक्षा ते त्याला जास्त शोभेल.

आणि आता तुमच्या बखरीची ती चार पानं. तिसऱ्या पानावर सहाव्या राजाचं वर्णन आहे: "महाराज मितभाषी. डाव्या कानाने कमी ऐकू येई, म्हणून लेकराला नेहमी उजव्या हाताला बसवून घेत. बोलताना त्याच्या बोटांशी चाळा करीत." बाकीच्या राजांची तुमची वर्णनं लढाया आणि देणग्यांनी भरलेली आहेत, असं वर्णन दुसऱ्या कोणाचंच नाही. बखर लिहिली गेली ५१५ मध्ये. थोरला तोवर ६० वर्षांपूर्वी गेलेला, दुसरा मारला गेलेला, मुलगी ४९८ मध्ये शत्रूच्या देशात वारलेली. आठवा राजा त्याचा नातू, त्याने आजोबांना पाहिलं ते दरबारात, पाच हातांवरून. त्या राजाला बाप म्हणून ओळखणारं एकच माणूस उरलं होतं, वय वर्षं १७५, दारात पहारा.

म्हणजे बखरकार त्याच्याकडे गेला होता. त्याने बंडाबद्दल विचारलं असणार, राज्याबद्दल विचारलं असणार. त्यातलं काय बखरीत आलं आणि काय राजाच्या माणसांनी गाळायला लावलं, ते तुम्ही पाहा. मला एवढंच दिसतंय की तो म्हातारा बोलता बोलता बखरकाराला स्वतःच्या उजव्या हाताला बसायला सांगतो. तो प्रसंग आधी लिहा. लिहून झाला की मला पाठवा. आणि त्याचं नाव आता चौथ्यांदा बदलू नका.